अठरा डॉलरची पैठणी

१ सप्टेंबर २०२५. गौरी जेवल्या त्या रात्री उशिरा ताईचा एडिसनहून फोटो आला. ताई म्हणजे माझी मोठी मामेबहीण. न्यू जर्सीत राहून तिला आता सव्वीस वर्षं झाली. फोटोत मागावर ताणलेली जांभळी पैठणी, पदरावर बांगडी मोर आणि खाली एकच ओळ: "घेतली गं, लेकीच्या लग्नासाठी." तिकडे लेबर डेची सुट्टी होती. निवांत बसून तिनं इन्स्टाग्रामवरच्या एका पानावरून साडी मागवली होती. पानाच्या नावात 'येवला' होतं, फोटोखाली 'हातमाग, शुद्ध रेशीम, विणकराकडून थेट' असं लिहिलेलं होतं. किंमत ६९० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साठ-एकसष्ट हजार रुपये.

साडी खोटी निघाली. पैसे परत मिळाले, पण त्याला साडेचार महिने लागले. अशा फसवणुकीबद्दल लिहिताना बहुतेक जण 'आधी काळजी घ्या' इथंच थांबतात. पैसे गेल्यावर, विकणारा सात समुद्रांपलीकडे बसलेला असताना, नेमकं काय करायचं हे क्वचित कोणी सांगतं. मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं तक्रारींच्या टेबलावर. त्यामुळे या प्रकरणात ताईची कागदपत्रं मी नाशिकहून लावून देत होते. प्रत्येक टप्प्याच्या तारखा माझ्याकडे आहेत, म्हणून हे तपशिलात लिहिते.

एक गोष्ट ताईनं सुरुवातीलाच बरोबर केली होती आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं. विकणाऱ्यानं आधी झेलनं (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकेतली सोय) पैसे मागितले, ते नको तर पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली', म्हणजे घरच्या-ओळखीच्यांना पाठवतोय असं दाखवून पाठवा म्हणाला. तसं केलंत तर पाच टक्के सूट. ताईनं सूट सोडली आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरले. झेलनं आपण होऊन पाठवलेले पैसे म्हणजे कुणाच्या हातात रोख ठेवल्यासारखे. 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ला पेपालचं खरेदी संरक्षण लागूच होत नाही. ती पाच टक्के सूट हा त्या संरक्षणाचा भाव असतो, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

न सुटलेलं पार्सल

पंधरा दिवस 'पदर चालू आहे मॅम' असे निरोप आले. १६ सप्टेंबरला ट्रॅकिंग नंबर आला: ईई ४७१३०५२८९ आयएन. 'स्पीड पोस्टनं पाठवली, आठ-दहा दिवसांत मिळेल.' ताई रोज तो नंबर टाकून बघे, माहिती उपलब्ध नाही असं येई. विकणारा म्हणे, अमेरिकेत पोहोचल्यावर दिसेल.

तिनं तो नंबर १८ तारखेला मला पाठवला. टपालाचे आंतरराष्ट्रीय नंबर कसेही दिलेले नसतात. सुरुवातीला दोन अक्षरं, मग आठ आकडे, नववा आकडा तपासणीचा, शेवटी देशाची दोन अक्षरं. जगभरच्या टपाल खात्यांची ही एकच पद्धत आहे. तो नववा आकडा आधीच्या आठांवरून निघतो. आठ आकड्यांना ओळीनं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचं, बेरीज करायची, तिला ११ने भागायचं आणि उरलेली बाकी ११मधून वजा करायची. (उत्तर १० आलं तर ० धरतात, ११ आलं तर ५.) मी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडलं. बेरीज १८३ आली, भागून बाकी ७, म्हणजे शेवटचा आकडा ४ हवा. नंबरात ९ होता. असा नंबर टपाल खातं देऊच शकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट वर्तमानपत्रातच छापून आली होती. परदेशातून येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत जी जकातमाफी होती, ती २९ ऑगस्ट २०२५पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. जकात कुणी आणि कशी गोळा करायची याचा मेळ न बसल्यामुळे भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं पार्सल बुकिंग थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं थेट १५ ऑक्टोबरला. म्हणजे १६ सप्टेंबरला टपालाने साडी अमेरिकेला पाठवणं कुणालाही शक्य नव्हतं.

ताईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, पण तो इतकं ताई-ताई करून बोलतो." हे वाक्य मी बँकेत निदान शंभर जणांकडून ऐकलं असेल. म्हणणाऱ्याला मी कधीच भोळं समजले नाही. माणूस घरापासून लांब असला की आपल्या भाषेतलं 'ताई' त्याला आधार वाटतं, आणि फसवणारा नेमकं तेच हेरतो.

विकणाऱ्याला आम्ही लगेच चोर म्हटलं नाही. मी ताईला एवढंच लिहायला सांगितलं की हा नंबर चालत नाही, खरा नंबर किंवा पावतीचा फोटो पाठवा. तो म्हणाला, चूक झाली, आता खासगी कुरिअरने पाठवतो. २४ तारखेला नवा निरोप आला: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ८५ डॉलर या लिंकवर भरा. जकातमाफी गेल्याच्या बातम्या ताज्या असल्यामुळे हे कुणालाही खरं वाटलं असतं. पण खासगी कुरिअरनं आलेल्या मालावर जकात लागली तर तिचं बिल कुरिअर कंपनी सहसा घेणाऱ्याला देते. विकणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायचा प्रश्नच येत नाही. ताईनं पैसे भरले नाहीत. कुरिअरचं नाव आणि नंबर द्या, मी त्यांच्याकडेच भरते, असं उत्तर दिलं. त्यानंतर ८५ डॉलरचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही.

या सगळ्या सबबींमागे एक हिशोब असतो. अमेरिकेच्या १९७४च्या कायद्याप्रमाणे कार्डाच्या बिलातल्या चुकीची लेखी तक्रार पहिल्या स्टेटमेंटपासून ६० दिवसांत करावी लागते. व्हिसा या कार्ड कंपनीच्या स्वतःच्या नियमांत माल न मिळणं किंवा वेगळाच मिळणं यासाठी साधारण १२० दिवस मिळतात. पेपालवर १८० दिवस असतात, पण तक्रार नोंदवल्यावर २० दिवसांत ती वरच्या पायरीवर नेली नाही तर आपोआप बंद होते. 'उद्या नक्की मॅम' म्हणत विकणारा हेच दिवस खात असतो. म्हणून मी ताईच्या फ्रिजवर एक तारीख लावायला सांगितली: १५ ऑक्टोबर. तोवर माल आला नाही तर 'माल मिळाला नाही' म्हणून तक्रार करायची, एक दिवसही जास्त थांबायचं नाही.

पिशवी

माल आला. ७ ऑक्टोबरला दुपारी कुरिअरवाला प्लास्टिकची करडी पिशवी दारात ठेवून गेला. ताईनं ती न उघडताच, नेहमीच्या सौजन्यानं, विकणाऱ्याला लिहिलं: "मिळाली. थँक यू. खूप छान!" वेळ ४ वाजून १२ मिनिटं. ही वेळ लक्षात ठेवा.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं पिशवी फोडली आणि मला व्हिडिओ कॉल केला. माझ्याकडे सकाळ होती. रंग जांभळाच, काठ सोनेरी, पदरावर मोर. लांबून बघितलं तर फोटोतलीच साडी. पण ताईनं ती उचलली तेव्हा घडी हातातून सळसळत घसरली, नायलॉनची ओढणी घसरावी तशी. मी म्हटलं, "पदर उलटा कर." पाठीमागे मोर नव्हतेच. एका मोराकडून दुसऱ्याकडे जाणारे लांबच लांब सुटे धागे होते, मधून कात्रीने कापलेले, त्यांची टोकं बांगडीत अडकत होती.

"पिशवी कुठाय?" मी विचारलं.

"कचऱ्यात टाकली."

"काढ बाहेर."

पिशवीवर कुरिअरचं लेबल होतं आणि लेबलाखाली प्लास्टिकच्या खिशात घडी घातलेला एक कागद. हा कागद प्रत्येक परदेशी पार्सलबरोबर जातो, कारण तो जकातीसाठी असतो: आत काय आहे, कशाचं आहे, किंमत किती. तो विकणाऱ्याला स्वतःच भरावा लागतो आणि जकात कमीत कमी लागावी म्हणून तो तिथं खरं किंवा खऱ्याहून कमी लिहितो. ताईनं वाचून दाखवलं: एक साडी, सिंथेटिक, १८ डॉलर. पाठवणाऱ्याचा पत्ता येवल्याचा नव्हता, महाराष्ट्रातलाही नव्हता.

त्या क्षणी मला वाटलं, आपण जिंकलो. पदराच्या पाठीवरून असं वाटलं नसतं.

कारण असं की या तक्रारीचा निकाल देणारा माणूस कुठल्या तरी कार्यालयात दिवसाला पन्नास फायली बघत असतो. त्यानं पैठणी जन्मात पाहिलेली नसते. बांगडी मोर आणि मुनिया यांतला फरक, कडियल म्हणजे काय, यातलं त्याला काहीही माहीत नसतं आणि असावं अशी अपेक्षाही चुकीची. तो फक्त दोन कागद शेजारी ठेवतो: काय देईन म्हणाला आणि काय दिलं. एका कागदावर 'शुद्ध रेशीम, ६९० डॉलर' आणि दुसऱ्यावर त्याच विकणाऱ्याच्या हातचं 'सिंथेटिक, १८ डॉलर', एवढं त्याला चहा पितापिता कळतं.

कोणत्या खान्यात

दुसऱ्या दिवशी ताईनं रागारागानं बँकेला फोन केला आणि "माझ्याबरोबर फ्रॉड झालाय" म्हणाली. तिकडच्या मुलीनं 'फ्रॉड'च्या खान्यात नोंद केली, कार्ड बंद केलं, नवं पाठवते म्हणाली. ताईला बरं वाटलं. मला मात्र धडकी भरली. बँकेच्या भाषेत त्या खान्याचा अर्थ 'हा व्यवहार मी केलाच नाही' असा आहे. व्यवहार तर तिनंच केला होता, तिच्याच फोनवरून, तिच्याच पत्त्यावर. चौकशीत हे पाच मिनिटांत बाहेर आलं असतं आणि तक्रार खोटी ठरून बंद झाली असती. खरोखर फसलेली माणसं इथंच हरतात. मनातली भावना आणि बँकेचा खाना यांना शब्द एकच आहे, अर्थ वेगवेगळे.

१० तारखेला तिनं पुन्हा फोन करून नोंद बदलून घेतली. व्हिसाच्या नियमावलीत यासाठी वेगवेगळे क्रमांक आहेत: १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही, १३.४ म्हणजे नकली. पैठणीला २०१०पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ताईला 'नकली' हाच खाना हवा होता. मी नको म्हटलं. नकली म्हटलं की ते कुणीतरी अधिकारानं लिहून द्यावं लागतं आणि वाद पैठणी म्हणजे काय इथं जाऊन बसतो. १३.३मध्ये त्याचा शब्द आणि त्याचाच कागद पुरेसा होता.

पण १३.३ला एक अट आहे: माल परत द्यायची तयारी तुम्ही दाखवलेली असली पाहिजे. बरेच जण हे विसरतात. ताईनं विकणाऱ्याला ईमेल केली: साडी वर्णनाप्रमाणे नाही, परत करायला तयार आहे, पूर्ण पत्ता आणि परतीचं लेबल पाठवा. व्हॉट्सॲप मुद्दाम टाळलं, कारण तिथले निरोप पाठवणारा पुसू शकतो. त्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं. पत्ता नव्हता. ३० टक्के परत देतो, आधी तक्रार मागे घ्या, असं होतं. ताईचं मन डळमळलं: "जाऊ दे ना, दोनशे डॉलर तरी येतील." मी ठाम नाही म्हटलं. एकदा मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडणं जवळजवळ अशक्य असतं, आणि दोनशे डॉलर येतील हा त्याच माणसाचा शब्द होता ज्याच्या शब्दामुळे आपण इथवर आलो होतो.

येवला

१२ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, निफाड-विंचूरमार्गे मी येवल्याला गेले. बँकेच्या फाइलसाठी याची गरज नव्हती, पण पानावरचा तो पहिला फोटो मला सोडत नव्हता. फोटो शोधून काढायच्या सोयीनं बघितलं तेव्हा तोच फोटो तीन वर्षांपूर्वीच्या एका पोस्टमध्ये सापडला होता, एका खऱ्या विणकराच्या घरचा.

विणकरदादा खड्डामागावर बसले होते. मी फोटो दाखवला. ते माग थांबवून बघत राहिले. "हा आमचाच माग. ही भिंत बघा, हा कॅलेंडरचा खिळा." त्यांच्या बायकोनं चष्मा लावून बघितलं आणि काहीच न बोलता आत गेल्या.

मग मी ताईनं पाठवलेले साडीचे फोटो दाखवले. "ताई, पुढून कशीबी दिसंल," ते म्हणाले, "पाठ बघायची." मागावरचा पदर त्यांनी खालून आरसा धरून दाखवला. पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे छोट्या कांडीवर, असतो. मोराचा हिरवा जिथं संपतो तिथं तो शेजारच्या जरीच्या बाण्यात अडकवून परत फिरवतात, पुढे ओढत नेत नाहीत. म्हणून खालूनही मोर तसाच दिसतो, डोळ्यासकट. एका मोराला त्यांनी पंधरा-सोळा तिल्ल्या लावल्या होत्या आणि तेवढ्या वेळात, माझा चहा होईपर्यंत, काम वाढलं होतं जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. यंत्रमागावर धागा एका मोराकडून दुसऱ्याकडे पाठीमागून धावतो. तेच ताईच्या बांगडीत अडकत होतं.

लेबलांबद्दलही तिथंच नीट कळलं. सिल्क मार्क असला तर रेशीम शुद्ध आहे एवढं कळतं. हातमागाची खूण हँडलूम मार्क सांगतो. यंत्रमागावरच्या खऱ्या रेशमी साडीला सिल्क मार्क अगदी प्रामाणिकपणे मिळू शकतो. ताईच्या साडीवर दोन्ही नव्हते, नुसता 'प्युअर' छापलेला पुठ्ठा होता. तरी रात्री तिनं पदराच्या टोकाचा एक धागा स्टीलच्या वाटीत जाळून त्याचा व्हिडिओ केला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळून काळा मणी झाला, टणक.

एक पान

ताईनं बँकेसाठी लिहिलेलं पहिलं पत्र चार पानी होतं. त्यात पेशव्यांच्या काळापासूनची पैठणी होती, आजीची पैठणी होती, विकणाऱ्यानं किती गोड बोलून फसवलं ते होतं. वाचताना माझे डोळे भरून आले. तरीही ते सगळं मी काढलं. उरलं एक पान: तारखा ओळीनं, कधी काय मागवलं, काय लिहून दिलं होतं, काय आलं, परत द्यायची तयारी कधी कळवली, काय उत्तर आलं. त्याला चार जोडपत्रं लावली: पानावरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट, जकातीचा कागद, पदराची पुढची आणि मागची बाजू एकाच फोटोत, आणि परतीबद्दलच्या ईमेल. धागा जाळल्याचा व्हिडिओ आणि खोटा ट्रॅकिंग नंबर यांचा एकेका ओळीत उल्लेख केला. विशेषण एकही ठेवलं नाही.

१७ ऑक्टोबरला पत्र गेलं. महिनाअखेरीस बँकेनं ६९० डॉलर तात्पुरते जमा केले. तात्पुरते हा शब्द महत्त्वाचा आहे. विकणाऱ्याचं म्हणणं ऐकेपर्यंत ते आपले नसतात.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याचं म्हणणं आलं. पार्सल पोहोचल्याचा कुरिअरचा पुरावा, 'ग्राहकाचं मन बदललं' असा खुलासा, आणि ताईच्या निरोपाचा स्क्रीनशॉट: "मिळाली. थँक यू. खूप छान!" ताई कोसळलीच. पण त्यानं स्क्रीनशॉट त्या ओळीखाली कापला होता. आम्ही पूर्ण संभाषण पाठवलं: ४ वाजून १२ मिनिटांचा तो निरोप, पिशवी उघडतानाचे रात्री साडेनऊचे फोटो आणि ९ वाजून ४८ मिनिटांचा तिचा पुढचा निरोप, "ही ती साडी नाही. मागून धागे सुटलेत." शेजारी जकातीचा कागद पुन्हा लावला.

१२ जानेवारी २०२६ला तक्रार ताईच्या बाजूनं बंद झाल्याचं पत्र आलं. भारतात सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर मी वेगळी तक्रार नोंदवली आहे, पानाचे स्क्रीनशॉट आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यासकट.

लग्न डिसेंबरातच झालं. भाचीसाठी विणकरदादांकडून तयार असलेली, लहान काठाची मोरपंखी घेतली; शेजाऱ्यांचा मुलगा बोस्टनला जात होता, त्याच्या बॅगेतून ती गेली. ताईनं मात्र स्वतःसाठी तीच जांभळी सांगून ठेवली आहे. दादा आता कुणालाही फोटो पाठवताना मागावर एक चिठ्ठी ठेवतात, तारीख आणि ज्याची साडी त्याचं नाव लिहून, म्हणजे फोटो पुन्हा कुणी उचलला तरी चालायचा नाही. संक्रांतीला त्यांचा एक फोटो आला. जांभळ्या ताण्यावर वहीच्या पानाचा तुकडा, '१४ जानेवारी, एडिसनच्या ताई', आणि त्याच्या वर मोरांचे नुसते पाय विणून झालेले.